स्पीकरवर माय

आमच्या मीटिंगमध्ये फोन ठेवायला टूलबॉक्स आहे. नव्या ट्रॅक्टरसोबत पाना-पक्कड ठेवायला जो लोखंडी डब्बा येतो, तोच. मीटिंग सुरू व्हायच्या आधी ऑफिसच्या ताई तो टेबलाच्या मधोमध आणून ठेवतात. मग आम्ही एकेक जण उठतो, फोन व्हायब्रेटवर टाकतो आणि डब्ब्यात ठेवतो. झाकण लागलं की साहेब बोलायला लागतात.

लोखंडाच्या डब्ब्यात फोन थरथरला की अख्खा डब्बा गुरगुरतो आणि टेबलावर जागचा हलतो. साहेब बोलत असतात आणि आम्ही सगळे चोरून त्या डब्ब्याकडं बघत असतो. बाकीच्यांना वाटत असतं, आपला नसावा. मला वाटायचं आपलाच असणार. आणि झाकण मीटिंग संपल्याशिवाय उघडत नाही.

मी ट्रॅक्टर विकणाऱ्या एका फर्ममध्ये कामाला आहे. शोरूम अमरावतीला, अकोल्याला छोटी शाखा. मी अकोल्यात सर्व्हिसचं काम बघतो. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे काय, दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतून घरी गेलो तो परत गेलोच नाही. घर धारणीच्याही पुढं, डांबरी सडक सोडून आत. आम्ही कोरकू. घरात तीच बोली, मराठी मी शाळेत शिकलो आणि खरी शिकलो ती अमरावतीत, ट्रॅक्टर धुता धुता.

साहेबांनी मला ठेवलं तेव्हा कागद मागितला नाही. माझे हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "राहतं का?" मी म्हणालो, "राहतो." एवढीच माझी मुलाखत. पुढं मला कावीळ झाली तेव्हा साहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्यांच्या सीटवर मी ओकलो. त्यांनी नंतर त्याचा एक शब्द काढला नाही. अशा माणसासमोर मला अजून नीट खुर्चीवर टेकता येत नाही. खुर्चीच्या काठावर बसतो. ताई एकदा म्हणाल्या, "भाऊ, पूर्ण बसा ना, खुर्चीचं भाडं नाही लागत." सगळे हसले, मीही हसलो, आणि तसाच बसून राहिलो.

डब्ब्याचा नियम का आला ते सांगतो. कंपनीचा एक मोठा अधिकारी शोरूमला आला होता. तो पडद्यावर काहीतरी दाखवत होता आणि मध्येच आमच्यातल्या एकाच्या खिशात लग्नाचा बॅंड वाजायला लागला. रिंगटोन होती ती. त्याला फोन सापडेना, या खिशातून त्या खिशात शोधतोय आणि बॅंड चालूच. साहेबांचा चेहरा पडला. पुढच्या मीटिंगला टेबलावर टूलबॉक्स होता आणि साहेबांनी नियम सांगितला. ज्याचा फोन आवाज करून वाजेल त्यानं उठायचं, डब्ब्यातून फोन काढायचा, स्पीकर लावायचा आणि सगळ्यांच्या समोर बोलायचं. काय बोलायचं ते सगळ्यांनी ऐकायचं. वर पुढच्या वेळी सगळ्यांना कचोरी. साहेबांचा स्वतःचा फोन मात्र टेबलावर, हाताशी असतो. त्यांना कंपनीचे फोन येतात. त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. मीही नाही.

घरी काही अर्जंट असेल तर ऑफिसच्या फोनवर करायला सांगा, ताई निरोप देतील, असंही साहेब म्हणाले होते. नियम वाईट नव्हता. बाकीच्यांना तो जमून गेला.

माझ्या घरी फोन नाही, आणि असता तरी गावात रेंज नाही. धाकटा भाऊ वर्षातले बरेच महिने कामाला बाहेर असतो. माय आणि भावजय गावात. माय शुक्रवारी जीपनं बाजाराला जाते, तिथं रेंज आहे. बाजार करून झाला की ती कोणाला तरी फोन मागते. कधी किराणावाला, कधी जीपवाला, कधी चहाच्या हॉटेलात बसलेला कोणी अनोळखी माणूस. माझा नंबर तिला पाठ आहे. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण हिंदीतून तो नंबर ती एका दमात म्हणते. मध्ये अडली की पुन्हा पहिल्यापासून. दुसरा नंबर तिला शिकवायची माझी हिंमत झाली नाही. ऑफिसचा शिकवला असता तर माझा विसरली असती.

म्हणजे आठवड्यातून एक फोन, तोही दर वेळी वेगळ्या नंबरवरून. जीप बाजारात पोचते अकराच्या सुमाराला आणि एकच्या आत परत फिरते, कारण पुढं घाट आहे आणि जीपवाल्याला दुसरी फेरी करायची असते.

मीटिंग आधी सोमवारी असायची. मग ती शुक्रवारी झाली. अकरा ते दीड. शुक्रवारी कोणाचं काही अडत नव्हतं, सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

शुक्रवारी सकाळी आम्ही अकोल्याहून एसटीनं अमरावतीला निघतो. माझ्यासोबत विक्रीचं काम बघणारे एक भाऊ असतात. ते मूळचे दर्यापूरचे, म्हणून सगळे त्यांना दर्यापूरवालेच म्हणतात. अंगानं मोठे, हसणं त्याहून मोठं. ते आधी हसतात आणि मग विनोद सांगतात. मूर्तिजापूर आलं की झोपतात, बडनेऱ्याला उठतात. मी खिडकीशी बसून फोन हातात धरतो. बाजारात जीप अजून पोचली नसणार हे माहीत असतं, तरी धरतो.

पहिल्या शुक्रवारी डब्बा गुरगुरायला लागला तेव्हा मी मनाला समजावलं की कोणाचाही असेल. दीड वाजता झाकण उघडलं, माझ्याच फोनवर अनोळखी नंबर. मी गॅलरीत जाऊन परत लावला.

"हॅलो भैया, अभी किसी माँजी ने फोन किया था क्या?"

"किया था. जीप निकल गई ना. अभी कहाँ मिलेगी?"

पुढच्या शुक्रवारी तसंच, माणूस दुसरा. त्यानं तर विचारलं, "आप कौन?" मी म्हणालो, बेटा. तो म्हणाला, "तो उठाया क्यूँ नहीं?"

अकोल्यात माझी एक खोली आहे. खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान. रविवारी ते बंद असतं, तेव्हा फार शांत वाटतं. मी कपडे धुतो, फोन खिडकीत ठेवतो. त्यावर फर्मच्या ग्रुपमधली फुलं येतात, सुप्रभात म्हणणारी. फोन येतो तो ट्रॅक्टर बंद पडलेल्या शेतकऱ्याचा किंवा शाखेतून. आठवडाभर माझ्या तोंडातून कोरकूचा शब्द जात नाही. कधी गाडीखाली शिरलो आणि नट सुटतच नसला तर त्याला आमच्या बोलीत शिवी देतो, तेवढीच. ती ऐकायला कोणी नसतं, आणि ऐकली तरी समजायची नाही.

असे शुक्रवार जात राहिले. मग एक शुक्रवार असा आला की त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या.

पहिली हसण्याची. दर्यापूरवाले भाऊ फोन व्हायब्रेटवर टाकायला विसरले. साहेब सर्व्हिसच्या तक्रारींवर बोलत असताना डब्ब्यातून जोरात रिंग वाजली. ताईंनी झाकण उघडलं. भाऊ उठले, फोन घेतला आणि नाव बघून म्हणाले, "मेलो." बायको होती. साहेब म्हणाले, "लावा स्पीकर."

"हॅलो, मी मीटिंगमंदी हावो."

"मंग उचलला काहून? मीटिंगमंदी हाय तर उचलाचा नाई ना."

"अवं साहेब समोर बसून हायेत. बोल लवकर."

"सिलेंडर संपला. सकाळपासून सांगून राहिली, पण तुमी आयकता का माहं? आता तुमच्या साहेबायलेच सांगते, द्या त्यायच्याजवळ."

सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा हसले आणि म्हणाले, "वहिनी, धाडतो मानूस." भाऊंच्या कपाळावर घाम, पण तेही हसतच होते. आणि त्या हसण्यातच डब्बा पुन्हा गुरगुरला. झाकण परत लागलेलं होतं. मला समजलं कोणाचा ते.

दीड वाजता मी नंबर लावला. या वेळी किराणावाला होता. आमच्या लोकांना तो ओळखतो, माझ्या वडलांनाही ओळखायचा.

"तेरी माय बहुत देर बैठी थी," तो म्हणाला. "बोल के गई है. अगले शुक्रवार को एक बार और लगाएगी. नहीं उठाया तो फिर नहीं आएगी बाजार. घुटने दुखते हैं उसके. बोली, सौदा बहू ला देगी, मैं किसके लिए आऊँ?"

ही दुसरी गोष्ट.

परतीच्या एसटीत दर्यापूरवाले भाऊ खुशीत होते. "गड्या, बायको लय खूश हाय. म्हने, लगन झाल्यापासून तुमी पयल्यांदा माहं पुरं आयकून घेतलं, मधात फोन ठेवला नाई. आता तिले काय सांगू, ठेवला असता तर साहेबानं मले ठेवलं नसतं!" आणि हसत हसत ते झोपून गेले. मी जागाच होतो.

आता करायचं एकच होतं, साहेबांना विचारायचं. साहेब, शुक्रवारी मला पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या. मोठी गोष्ट नव्हती. कोणीही विचारली असती. मी त्या वाक्याची तयारी गाडी धुताना केली, जेवताना केली. पण वाक्य तयार झालं की त्याच्या मागं दुसरं वाक्य उभं राहायचं, या माणसाच्या गाडीत ओकलास, आणि आता तुला वेगळा नियमही पाहिजे? आणि त्याच्या मागं तिसरं, आठवीत शाळा सोडलेला तू, किती जण दारात उभे आहेत तुझ्या जागेसाठी. असं कोणी मला म्हटलं नव्हतं. ते माझं मलाच ऐकू येत होतं.

बुधवारी साहेब स्वतःच अकोल्याला आले. शाखेत फिरले, एक इंजिन उघडून ठेवलं होतं ते वाकून बघितलं. जाताना माझ्याजवळ थांबले.

"बरं हाय ना तुहं? काही पाहिजे काय?"

समोर उभं राहून विचारत होते. याच्याहून सोपं कोण करून देणार?

"नाई साहेब," मी म्हणालो. "सगळं बरं हाय."

त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी हातातलं फडकं पिळत उभा होतो.

शुक्रवार आला. ताईंनी डब्बा ठेवला. माझ्या पुढं दर्यापूरवाले भाऊ होते, त्यांनी फोन सगळ्यांना उंच करून दाखवला, "पाहून घ्या बाप्पा, व्हायब्रेट हाय." मग माझी पाळी. अंगठा बटणावर होता. आणि तेव्हा मला एसटीतलं बोलणं आठवलं. त्यांना शिक्षा झाली, सगळे हसले, कचोऱ्या आणाव्या लागल्या. पण बोलणं झालं. पुरं झालं, मधात ठेवता आलं नाही. या हॉलमध्ये बसलेल्या माणसाला घरच्या माणसाशी बोलायचा तेवढा एकच रस्ता होता, आणि तो नियमातूनच जात होता. परवानगी लागत नव्हती. उपकार मागावा लागत नव्हता.

मी बटण दाबलं नाही. आवाज पूर्ण वर होता, तसाच फोन डब्ब्यात ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. हात मांड्यांखाली घातले.

साहेबांचं सोयाबीनच्या हंगामातल्या मागणीवर बोलणं चाललं होतं. बाराच्या पुढं माझा फोन वाजला. फोनसोबत आलेली साधी रिंग, मी कधी बदलली नाही. लोखंडात ती फार मोठी वाटली.

"आता हे कोन?" साहेब म्हणाले.

मी उठलो. "अबे तू?" दर्यापूरवाले भाऊ ओरडले. "आजपर्यंत कोनाचा फोन नाई आला याले! पोरगी पाहून राहिला काय बे?"

मी स्पीकर लावला. कूलर मोठ्यानं चालू होता. पलीकडून माय नेहमीसारखी मोठ्यानं बोलली, माणूस लांब आहे म्हणून ओरडावं लागतं असं तिला वाटतं. मी आमच्या बोलीत उत्तर दिलं. हॉलमध्ये हसण्याची लाट आली. कोणीतरी म्हणालं, "चिनी बोलून राहिला काय?" कोणी म्हणालं, "कूलर बंद करा, आयकू द्या." कूलर बंद झाला. एवढ्या वर्षांत त्या शहरात मी कोरकू मोठ्यानं बोललो ते पहिल्यांदा, आणि वीसेक माणसं ऐकत होती आणि एकालाही एक शब्द समजत नव्हता. मी तिथं काहीही बोलू शकलो असतो. आठवण येते असं म्हणू शकलो असतो. म्हणालो ते हेच, की कामात होतो, म्हणून उचलता आला नाही.

मायचं बोलणं मराठीत सांगतो. ती म्हणाली, "तिकडं पाऊस आहे का? आत्ता आवाज येत होता."

"पाऊस नाही. हवेचं मशीन आहे."

"हे हसतंय कोण?"

"इथली माणसं."

"खूप आहेत?"

"खूप."

"सगळी तुझ्याजवळ बसली आहेत?"

मी हॉलभर नजर फिरवली. सगळे माझ्याकडं बघत होते. "हो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मला वाटलं तू एकटा पडून असशील. कावीळ झाली तेव्हा पडला होतास तसा. उठता येत नसेल म्हणून उचलत नसशील." आणि मग माझ्याशी बोलायचं सोडून ती त्या किराणावाल्याला हिंदीत सांगायला लागली, "बहुत आदमी है उसके पास. सब हँस रहे हैं."

फोन डब्ब्यात परत ठेवताना मी व्हायब्रेटवर टाकला. ताईंनी ते बघितलं.

पुढच्या शुक्रवारी मी कचोऱ्या आणल्या, आणि फोन पुन्हा वाजला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. हळूहळू माझं नाव कचोरीवाला पडलं. बाराच्या सुमाराला कोणीतरी म्हणायचं, "साहेब, बुढीचा टाइम झाला." रिंग वाजली की ज्याच्या जवळ बटण असेल तो आपण होऊन कूलर बंद करायचा. दर्यापूरवाले भाऊ मोठ्यानं हसायचे आणि मायला ते हसणं ओळखू यायला लागलं. "तो जाडा माणूस आला आहे का?" ती विचारायची. जाडा आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मीटिंग संपल्यावर सगळे आपापल्या वाटेनं जायचे. एसटीत भाऊ झोपायचे. अकोल्याच्या स्टॅंडवर उतरलो की ते रिक्षा करायचे, मी पायी खोलीवर. त्या हॉलमधल्या कोणीही माझी खोली बघितलेली नाही. त्यांचा काही दोष नाही, मी कोणाला बोलावलं नाही. पण मायच्या मनात ती सगळी माणसं आठवडाभर माझ्याजवळ बसलेली असायची. मी ते मोडलं नाही.

मग एका शुक्रवारी मीटिंग संपल्यावर साहेबांनी मला थांबवलं. ताई डब्बा उचलत होत्या.

"तू मुद्दाम आवाज चालू ठेवतं का रे?"

मी खाली बघत राहिलो. ताई म्हणाल्या, "साहेब, त्याच्या आईजवळ फोन नाही. बाजारात दुसऱ्याच्या फोनवरून लावते. मीटिंग संपेपर्यंत ती निघून गेलेली असते." मी कधीतरी गॅलरीत बोलताना त्यांनी ऐकलं असणार.

साहेब माझ्याकडं वळले. "मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी लय केलं साहेब माह्यासाठी. अजून काय मागू?"

"येडा हायेस तू," ते म्हणाले, पण रागानं नाही. "मायसंगं बोलाले काय शिक्षा भोगत असते काय कोनी? पुढच्या शुक्रवारी फोन डब्ब्यात ठेवू नको. हातात ठेव. वाजला की बाहेर गॅलरीत जाय, आरामात बोल. आन् त्या कचोऱ्या बंद कर, माहं पोट बिघडून राहिलं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. त्या आठवड्यात मी फार हलका होतो. खाली दुकानवाल्याशीसुद्धा थांबून बोललो.

शुक्रवारी मी फोन मुठीत धरून दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, आणि वाजल्याबरोबर गॅलरीत गेलो. काचेचं दार आपोआप मागं लागलं. समोर अंगणात नवे ट्रॅक्टर रांगेनं उभे होते, सीटवरचं प्लास्टिक उन्हात चमकत होतं. कोणी नव्हतं. मी फोन कानाला लावला, हळू आवाजात बोललो. आता आरामात बोलायचं होतं. तिच्या गुडघ्यांचं विचारायचं होतं. पोळ्याला कधी निघतो ते सांगायचं होतं.

"कुठं आहेस?" माय म्हणाली.

"इथंच. कामावर."

"आवाज नाही कोणाचा."

"मी बाहेर आलोय, तुझ्याशी बोलायला."

"माणसं कुठं गेली?"

"आत आहेत. दार लावलंय."

"दार का लावलं?" तिचा आवाज बदलला. "तुला बाहेर काढलं?"

"नाही गं माय. साहेबांनीच सांगितलं, बाहेर जाऊन बोल."

हे सांगायला नको होतं. तिला ते तसंच ऐकू गेलं असणार, साहेबांनी बाहेर जा म्हटलं. ती म्हणाली, "खोटं बोलू नको. तू आजारी आहेस. हळू बोलतोस. तेव्हाही असाच हळू बोलत होतास." मी आवाज चढवला, तर म्हणाली, "आता ओरडतोस का?" मी म्हणालो सगळं चांगलं आहे. ती म्हणाली, "मग त्या हसणाऱ्याला दे."

"तो कामात आहे."

"दे नाहीतर राहू दे. मी सोमवारी निघते. जीपनं धारणी, तिथून बस विचारत विचारत येते. पाय जातील तिथपर्यंत येते."

मायनं आयुष्यात बस बदललेली नाही. गुडघे तिचे जीपच्या पायरीवर चढताना दोन माणसांनी धरावे लागतात. आणि ती म्हणाली म्हणजे निघणार, हे मला माहीत आहे. मागं जीपवाल्याचा हॉर्न वाजत होता. "अम्मा, चलो," कोणीतरी ओरडत होतं. फोन ठेवला की पुढच्या शुक्रवारपर्यंत तिला काही सांगायचा रस्ता नव्हता.

मी काचेतून आत बघितलं. साहेब पडद्यासमोर हात वर करून काही दाखवत होते. सगळ्यांची तोंडं तिकडं होती.

मी दार ढकललं. कूलरचा आवाज अंगावर आला. सगळ्यांनी वळून बघितलं आणि साहेबांचा हात तसाच वर राहिला.

"काय झालं बे?" ते म्हणाले. "घरी बरं हाय ना?"

"साहेब," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य तयार केलेलं नव्हतं, "मी इथंच बोलू का? स्पीकरवर? सगळ्यायच्या समोर?"

कोणाला काही समजलं नाही. साहेबांनी ताईंकडं बघितलं, ताईंनी माझ्याकडं. मी म्हणालो, "तिले तुमचा आवाज आयकाचा हाय. आवाज नाई आला तर तिले वाटते मले काढलं. निघून येते म्हन्ते."

साहेबांनी हात खाली घेतला. "लाव," ते म्हणाले. आणि मग कूलरकडं बोट करून, "बंद करा ते."

मी फोन टेबलावर, टूलबॉक्सच्या झाकणावर ठेवला. हॉल गप्प होता. नेमका तेव्हाच गप्प. इतके दिवस हसणारी माणसं आता चांगली वागायला लागली होती, अदबीनं बसली होती, आणि फोनमधून माय विचारत होती, "आहेस का? आहेस का?" मी दर्यापूरवाल्या भाऊंकडं बघितलं. हात जोडले.

"भाऊ, हसा ना."

"असं कसं हसू बे एकदम?" ते म्हणाले, आणि तेवढ्यानंच कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग भाऊंचं ते मोठं हसणं सुटलं आणि टेबल हललं. ते फोनवर वाकून ओरडले, "क्या माय! बाजार हो गया क्या? हमारे लिए क्या लिया?"

पलीकडं माय हसली. तिच्या तोंडात खालचे दात नाहीत, हसताना हवा जाते, ते स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आलं. "कुछ नहीं लिया बेटा," ती हिंदीत म्हणाली. "मिरची लिया." मग साहेबही पुढं आले आणि मोठ्यानं म्हणाले, "माँजी, लड़का अच्छा है. काम अच्छा करता है." ती साहेबांना काही बोलली नाही. तो कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. माझ्याशी बोलली, आमच्या बोलीत, घाईनं, कारण हॉर्न पुन्हा वाजत होता.

फोन बंद झाला. कोणीतरी कूलर लावला.

"काय म्हने शेवटी?" दर्यापूरवाल्या भाऊंनी विचारलं. सगळे ऐकायला थांबले होते.

ती म्हणाली होती, ठेव आता, तुझ्या माणसांचा खोळंबा होतो.

"काही नाई," मी म्हणालो. "कामाले लागा म्हन्ते."

ते पुन्हा हसले. साहेब पडद्याकडं वळले. मी फोन व्हायब्रेटवर टाकला, टूलबॉक्सचं झाकण उघडलं आणि तो बाकीच्या फोनांमध्ये ठेवून दिला.